वास काढणाऱ्या कुत्र्यांसोबत नोकरी : खासगी एजन्सी की वनखातं?

सोलापुरातल्या पोरांना श्वानपथक म्हटलं की पोलीसच आठवतात. पोलिसात जायचं नसेल तर दोन वाटा आहेत.

पहिली खासगी सुरक्षा एजन्सीची. हॉटेल, मॉल, मोठे कार्यक्रम अशा ठिकाणी स्फोटकं हुंगणारी कुत्री. शिरकाव लवकर होतो, पण काम बहुतेक पुण्या-मुंबईला, आणि पगार एजन्सीगणिक वेगळा. कुत्रं मालकाचं, नोकरी सोडली की तेही सुटतं. मला हेच सगळ्यात जड वाटतं.

दुसरी वनखात्याची. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी ‘ट्रॅफिक’ ही संस्था आणि निसर्गसंवर्धनाचं काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ मध्ये वन्यजीव श्वानपथकं सुरू केली. वाघाचं कातडं, हाडं, हस्तिदंत ओळखणाऱ्या एका कुत्र्यामागे दोन हँडलर, म्हणजे कुत्रं सांभाळून त्याच्याकडून काम करून घेणारे, असतात आणि तिघांचं प्रशिक्षण एकत्रच होतं. मात्र हँडलर खात्यातूनच निवडतात. म्हणजे आधी वनरक्षक भरती, धावणी, लेखी परीक्षा. मग नान्नजच्या माळरानावर गस्तही वाट्याला येईल, आणि पथक मिळेलच याची खात्री नाही. तरी कुत्र्यासोबत वर्षानुवर्षं राहायचं असेल तर मी हीच वाट धरीन.

आणि हो, घरी कारवानी जातीचा कुत्रा पाळलाय म्हणून हुरळू नका. तो नजरेनं शिकार करणारा. इथं लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डच जास्त चालतात.