पॉलिमरचा लेप दिलेले सिरॅमिक स्कॅफोल्ड: चार महिन्यांच्या वापरानंतर

हाडातील पोकळी भरून काढण्याच्या संशोधनासाठी पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत हायड्रॉक्सिॲपेटाइटचे (हाडातील मुख्य खनिजाचे) सच्छिद्र तुकडे, म्हणजेच स्कॅफोल्ड, आजवर आम्हीच तयार करत आलो. स्पंज सिरॅमिकच्या स्लरीत (पातळ घोळात) बुडवायचा, तो जाळून टाकायचा आणि उरलेला सांगाडा १२०० अंशांच्या वर भट्टीत पक्का करायचा, अशी ती रीत. यंदा वेळ वाचावा म्हणून एका पुरवठादाराकडून पीएलजीएचा (शरीरात हळूहळू विघटित होणाऱ्या पॉलिमरचा) लेप दिलेले तयार स्कॅफोल्ड मागवले. लेपाखाली अल्ब्युमिन हे चाचणीचे प्रथिन भरलेले असून ते सावकाश बाहेर पडेल, असे माहितीपत्रकात म्हटले होते.

मजबुतीबाबत तक्रार नाही. लेप नसलेला तुकडा चिमट्यात धरला की कडेची पूड झडते. यातला एक फरशीवर पडला तरी फक्त कोपरा तुटला, आणि तोही लेपाला लटकून राहिला.

मुख्य प्रश्न प्रथिनाचा. ३७ अंशांच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पहिल्या दिवशी अल्ब्युमिन जेमतेम आढळले, तेव्हा आम्ही खूश झालो. मात्र तुकड्यावर सोडलेला मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब अळवावरच्या पाण्यासारखा बसून राहिला आणि बफर आत शिरतच नसावा अशी शंका आली. निर्वात पंपाने छिद्रांतील हवा काढून तोच प्रयोग पुन्हा केला, तर २४ तासांतच निम्म्याहून अधिक प्रथिन बाहेर आले. ज्याचे श्रेय आम्ही लेपाला देत होतो, ते काम अडकलेली हवा करत होती! तुकडा ब्लेडने उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बाहेरच्या बाजूस लेप इतका जाड दिसला की काही छिद्रांची तोंडेच बंद झाली होती, आणि गाभ्यात सिरॅमिक उघडेच होते. माहितीपत्रकातील सच्छिद्रतेचा आकडा लेप देण्यापूर्वीचा आहे, हे विचारल्यावर कळले.

हा दोष किरकोळ नाही. कोलॅजन स्पंजमधून बीएमपी-२ हा ग्रोथ फॅक्टर (हाडाची वाढ घडवणारे प्रथिन) देण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली, आणि २००८ मध्ये मानेच्या मणक्यातील वापरानंतर येणाऱ्या जीवघेण्या सुजेबाबत तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. प्रथिन एकदम सुटू नये, यासाठीच तर लेपाचा हा खटाटोप. शिवाय अल्ब्युमिनवरून प्रथिन किती आले एवढेच कळते; लेपाच्या द्रावकाने ते बिघडले का, हे पाहण्यासाठी लायसोझाइम हे एन्झाइम भरलेला नमुना हवा, कारण त्याची क्रिया मोजता येते. तो पुरवठादाराकडे नाही.

मे महिन्यात बर्फाविना आलेल्या खोक्यातील सहा तुकडे एकमेकांना चिकटलेले निघाले. पीएलजीए ५० अंशांच्या आसपास मऊ पडते, हे विक्रेत्यालाच समजावून सांगावे लागले. बदली तुकडे मात्र आठवड्याभरात, बर्फासह आले.

विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून हे तुकडे पुन्हा घेईन. पण लेप गाभ्यापर्यंत पोहोचल्याचे छायाचित्र प्रत्येक लॉटबरोबर मिळेपर्यंत महागडा ग्रोथ फॅक्टर त्यांत भरणार नाही.