मोंपाझिए : दोरीनं आखलेल्या गावातली दीड तासाची पायी फेरी

मी छत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून जमिनी मोजल्या. आधी साखळीनं, मग फितीनं, शेवटची काही वर्षं टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रावर. त्यामुळे नव्या गावात पाय ठेवला की माझी नजर आधी हद्दीवर जाते. घर कुठं संपलं, रस्ता कुठं सुरू झाला, कुणी किती पुढं सरकून ओटा बांधला. मोंपाझिएला माझ्या भाच्यानं नेलं ते याच कारणानं. तो बोर्डोला नोकरी करतो. म्हणाला, ‘मावशी, एक गाव असं दाखवतो की तुला फीत आणली नाही म्हणून वाईट वाटेल.’ आणि खरंच वाटलं.

मोंपाझिए नैऋत्य फ्रान्समध्ये, दोर्दोन्य जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, द्रो नदीच्या खोऱ्यावर उंचवट्यावर बसलेलं आहे. बर्जराकहून साधारण ४५ किलोमीटर. गावाला रेल्वे नाही, स्वतःची गाडी असेल तरच जाणं सोपं. वस्ती जेमतेम पाचशेची. आम्ही तिथं एका स्थानिक बाईंसोबत पायी फेरी घेतली. आधी फोन करून वेळ ठरवली होती. आम्ही सात जण होतो, फेरी दीड तासाची म्हणून सुरू झाली आणि दोन तास चालली. बाई फ्रेंचमध्ये बोलायच्या, मध्येमध्ये इंग्रजीत सांगायच्या, उरलेलं भाचा मला मराठीत सांगायचा.

त्याच आठवड्यात आम्ही दुसऱ्या एका तटबंदीच्या गावात एका कंपनीची फेरी घेतली होती. तिथं कानाला यंत्र लावून तासभर तलवारी, उकळतं तेल आणि वेढे यांचंच वर्णन ऐकलं. गाव का वसलं, कुणी वसवलं, लोक तिथं कशासाठी आले, यावर एक अक्षर नाही. मोंपाझिएच्या बाईंनी उलट केलं. त्यांनी आम्हाला सुरुवातीला वेशीवर नेलंच नाही, थेट चौकात नेलं. पिशवीतून एक दोर काढला. बारा सारखे भाग, प्रत्येक भागाला गाठ. तिघांना तीन ठिकाणी धरायला लावलं. तीन भाग, चार भाग, पाच भाग. दोर ताणला आणि काटकोन तयार झाला. माझ्या हातात चारचं टोक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या साहेबांनी नांगरलेल्या शेतात साखळी टाकून हाच काटकोन मला काढून दाखवला होता. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि पुढची सगळी फेरी मला ‘सहकारी’ म्हणूनच हाक मारली.

आता गावाबद्दल. मोंपाझिए हे ‘बास्तीद’ आहे. तेराव्या आणि चौदाव्या शतकात फ्रान्सच्या नैऋत्य भागात अशी तीनशेहून अधिक नवी गावं वसवली गेली. आपोआप वाढलेली नव्हेत, ठरवून, आखून, एकदम वसवलेली. आल्बी परिसरातल्या, चर्चनं पाखंडी ठरवलेल्या पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धाचा शेवट १२२९ च्या तहानं झाला, मुलूख उजाड झाला होता, जंगल माजलं होतं. जमीनदाराकडं जमीन होती पण कसायला माणूस नव्हता. राजाकडं सत्ता होती पण त्या भागात पाय रोवायला जागा नव्हती. दोघं करार करायचे. जमीन याची, संरक्षण आणि कायदा त्याचा, उत्पन्नात वाटा दोघांचा. या भागीदारीला ‘पारेआज’ म्हणतात.

मोंपाझिएचा करार १२८४ चा. एका बाजूला बिरोंचा जमीनदार प्येर द गोंतो, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड. फ्रान्सच्या मातीत इंग्लंडचा राजा कसा, हे मला कळायला वेळ लागला. बाईंनी ते घाई न करता सांगितलं. एडवर्ड हा आकितेनचा, म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या या प्रांताचा, ड्यूकही होता, आणि त्या नात्यानं फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. म्हणजे लंडनला राजा, इथं दुसऱ्याच्या छत्राखालचा सरदार. त्याच्या वतीनं इथला कारभार सेनेशाल जाँ द ग्राय्यी पाहायचा. १२६१ मध्ये फ्रेंच राजघराण्यातल्या आल्फाँस द प्वातिएनं जवळच विल्फ्रांश-द्यु-पेरिगोर वसवलं होतं, १२८१ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपनं उत्तरेला दोम उभं केलं. मोंपाझिए त्यांच्या समोर मांडलेलं इंग्लंडचं प्यादं.

पण सामान्य माणूस इथं आला तो राजासाठी नाही. बास्तीद वसवताना मोकळ्या माळावर एक खांब रोवायचे आणि आसपासच्या गावांत दवंडी पिटायचे. येईल त्याला घरासाठी प्लॉट, भाजीपाल्यासाठी बागेचा तुकडा आणि गावाबाहेर शेत. या तिन्हींना वेगवेगळी नावं होती : एराल, कझाल, आर्पां. वेठबिगारीतून सुटका. लेखी सनद, तीत दंड, बाजार, वारसा यांचे नियम. गावचा कारभार पाहायला नागरिकांमधून नेमलेले कौन्सुल. बदल्यात ठरलेल्या मुदतीत घर बांधायचं आणि खंड भरायचा. घर बांधलं नाही तर दंड. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर गावठाणातले प्लॉट वाटपाचे नकाशे येत होते. कोऱ्या जमिनीवर पहिली खुंटी ठोकताना जो शहारा येतो तो मला ओळखीचा आहे, आणि त्या दवंडीमागे उभ्या असलेल्या, दुसऱ्याच्या जमिनीवर राबून पिचलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचा तुकडा मिळतोय हे कळल्यावर काय वाटलं असेल, याचा विचार करताना मला बोलवेना.

गाव आयताकृती आहे, ४०० मीटर लांब, २२० मीटर रुंद. मी मनात हिशेब केला, पावणेबावीस एकर. घराचे प्लॉट मुळात सगळे एकाच मापाचे होते, ८ मीटर रुंद आणि २० मीटर खोल. म्हणजे १६० चौरस मीटर, दीड गुंठ्याहून थोडंसं जास्त. पाटलाला मोठा आणि गड्याला छोटा असा भेद आखणीत नव्हता. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, नोकरीत ते पक्कं झालं. मी एका घराचा दर्शनी भाग चालून पाहिला. साडेदहा पावलं. पुढचं घर, पुन्हा साडेदहा. तिसरं थोडं कमी भरलं, तिथं भिंत नव्यानं बांधलेली दिसत होती. सव्वासातशे वर्षांनंतर जुनी हद्द पायाला लागते, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना, म्हणून परत येऊन पुन्हा मोजलं. गट थांबला. कुणी कुरकुर केली नाही.

या फेरीचा सर्वोत्तम भाग घरांच्या मधल्या फटींचा. तिला ‘आंद्रोन’ म्हणतात. दोन शेजारी घरांच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, मध्ये वीत-सव्वा वीत जागा सोडलेली असते. एका घराला आग लागली तर शेजारचं वाचावं म्हणून, आणि छपराचं पाणी व सांडपाणी वाहून जावं म्हणूनही. आयुष्यभर मी सामाईक भिंतीची भांडणं मोजत आले. भाऊ भावाच्या विरोधात उभा, मध्ये मी फीत धरून. इथं आखणाऱ्यानं पहिल्याच दिवशी भांडणाची जागा मोकळी सोडून दिली! बाईंनी टॉर्च देऊन मला आत डोकावायला लावलं. ओलसर, अंधारी फट, तळाशी दगडी पन्हाळ, आणि पार मागच्या गल्लीपर्यंत उजेडाची एक उभी रेघ. ती मागची गल्ली म्हणजे ‘कारेरू’. पुढून मोठा रस्ता, मागून ही अरुंद वाट, त्यामुळे प्रत्येक प्लॉटला दोन्हीकडून प्रवेश.

चौकाभोवती कमानी आहेत. घराचा वरचा मजला कमानीवर पुढं आलेला, खालून सगळ्यांची वाट. वर खासगी, खाली सार्वजनिक. रस्ते चौकाच्या मधोमध घुसत नाहीत, कडांनी कमानीखालून जातात, म्हणून चौक बाजारासाठी अख्खा मोकळा राहतो. चौकाच्या एका बाजूला सोळाव्या शतकातली लाकडी बाजारशेड आहे, तिच्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. मी त्यांच्याजवळ बराच वेळ उभी राहिले. गावचं माप एका जागी, सगळ्यांसमोर, कुणीही येऊन आपलं धान्य पडताळून पाहावं. गुरुवारी इथं आजही बाजार भरतो.

मग तट? तोही आहे. सहा वेशींपैकी तीन उभ्या आहेत, भिंतीचा बराचसा भाग गेला. पण बाईंचं म्हणणं, आणि मला ते पटलं, की तटानं गाव घडवलं नाही. आधी दोर, मग बाजार, मग तट. शंभर वर्षांच्या युद्धात मोंपाझिए कधी इंग्रजांकडे, कधी फ्रेंचांकडे जात राहिलं. पुढं फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांत, १५७४ मध्ये, जोफ्रुआ द विवाँ या प्रोटेस्टंट सरदारानं ते घेतलं. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीचा मंत्री स्युली याच्या आठवणींत त्या काळातला एक प्रसंग आहे. विल्फ्रांशच्या लोकांनी एका रात्री मोंपाझिए लुटायचं ठरवलं. त्याच रात्री मोंपाझिएचे लोक विल्फ्रांश लुटायला निघाले. दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून गाठ पडली नाही. दोघांनाही समोरचं गाव बेवारस सापडलं, दोघांनीही मनसोक्त लुटलं, आणि सकाळी घरी परतले तर आपलं गाव धुतलेलं. शेवटी बोलणी होऊन सगळ्यांनी सगळं परत केलं. बाईंनी हे विल्फ्रांशच्या दिशेच्या वेशीखाली उभं राहून सांगितलं, आणि सात अनोळखी माणसं एकत्र हसली.

चर्चच्या दारावर क्रांतीच्या काळातला मजकूर आहे : फ्रेंच जनता परमात्म्याचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व मान्य करते. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर याच्या काळातला हा जाहीरनामा दगडावर अजून वाचता येतो. इथं आम्ही दोन मिनिटंही थांबलो नाही, त्याची मला फार हळहळ नाही.

हळहळ आहे ती ब्युफारोबद्दल. जवळच्या काप्द्रोचा विणकर. १६३७ मध्ये करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांच्या उठावात हजारोंनी त्याच्या मागं चालणं पत्करलं. तो पकडला गेला आणि याच चौकात चाकावर हाडं मोडून त्याला मारलं. या उठावकऱ्यांना ‘क्रोकाँ’ म्हणत, आणि त्याआधी, १५९४ मध्ये झालेल्या उठावातही त्यांची सभा मोंपाझिएतच भरली होती. म्हणजे ज्या चौकात त्यांच्या पूर्वजांना सनद मिळाली, त्याच चौकात त्यांनी दाद मागितली आणि त्याच चौकात त्यांच्या पुढाऱ्याला मारलं. हे सगळं फेरीच्या शेवटी, पाकिटं काढता काढता, तीन वाक्यांत उरकलं. मी बाईंना तसं बोलून दाखवलं. ही गोष्ट चौकाच्या मधोमध, सुरुवातीलाच हवी. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत टिपलं.

आणखी दोन तक्रारी. वाटलेल्या नकाशावर स्केल नाही आणि उत्तर दिशाही नाही. आखणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचा नकाशा असा असू नये. दुसरं, दोन तासांत बसायला एकदाही मिळालं नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं, कमानीखाली उंबऱ्यावर टेकता येतं. जमीन बहुतेक सपाट आहे, चढ फारसा नाही, एवढी सोय आहे.

फेरीनंतर वेळ असेल तर बास्तिदेओम या छोट्या संग्रहालयात जा. बास्तीदची बांधणी समजावून सांगणारं केंद्र आहे. पण आधी नाही, नंतरच. आधी पायानं गाव मोजा, मग तिथली प्रतिकृती पाहताना प्रत्येक गल्ली ओळखू येते. बिरोंचा किल्ला दक्षिणेला आठेक किलोमीटरवर. ज्यानं जमीन दिली त्या घराण्याचं ठाणं पाहिलं की करार पूर्ण समजतो. आम्ही दोन्ही एका दिवसात केलं, थोडी धावपळ झाली.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण नकाशाचा आणि ब्युफारोचा.

जाणार असाल तर गुरुवारी सकाळी जाऊन बाजार पाहा, पण फेरी दुसऱ्या दिवशी घ्या, कारण बाजाराच्या दिवशी चौकात दोर ताणायला जागा नसते. आणि सोबत मोजपट्टी ठेवा. निघताना मी बाईंना गुंठा म्हणजे काय ते समजावलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि १६० भागिले १०१ हा भागाकार आम्ही दोघींनी मिळून त्या बाजारशेडच्या खांबाला टेकून केला.