एक सकाळ हाताशी आहे: गंगेवर चित्र काढायचं की नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायचे?

माझी मावसबहीण जानेवारीत डोंबिवलीहून नाशिकला येतेय. बरोबर नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. शनिवारी त्र्यंबकेश्वराचं दर्शन, रविवारी दुपारी शिर्डीकडे रवाना. मधली रविवारची सकाळ तिने घरच्यांकडून स्वतःसाठी मागून घेतली आहे. ती जलरंगात चित्रं काढते, आणि दोन वर्षांपासून पक्षी बघायचा नाद लागलाय. परवा फोनवर तिने विचारलं, "ताई, रंग घेऊ की दुर्बीण?"

मी दोन्ही करते. नाशिकलाच घर असल्यामुळे मला घाई नसते, आज राहिलं तर पुढच्या आठवड्यात जाते. पाहुण्याला ही चैन नाही. म्हणून फोनवर पटकन काहीतरी सांगण्याऐवजी नीट लिहून काढते, तिच्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. घरच्यांबरोबरच्या प्रवासात छंदाचा वेळ कुणाच्या तरी वाट्याचा असतो. कुणाची झोप, कुणाचा नाश्ता, कुणाची गाडी. रंगांची पेटी असा वेळ थोडा थोडा मागते, दुर्बीण एकदम मागते. मला यातला हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सामान, खर्च, कौशल्य या गोष्टी त्याच्यानंतर.

गंगेवर

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि घाटावर जाणं म्हणजे "गंगेवर जाणं". चित्र काढणाऱ्याला लागतं ते सगळं इथे अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे: पाणी, पायऱ्या, काळ्या दगडाची देवळं, कपडे धुणाऱ्या बायका, पूजेचं सामान विकणारे, आणि पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर गावात पुराचा अंदाज बांधतात. पावसाळ्यात नाशिकमध्ये निम्मे फोन याच चौकशीचे असतात.

कुठे बसायचं हे उजेडावर ठरतं. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, तेव्हा जुन्या नाशिकच्या काठावरचं सुंदरनारायणाचं देऊळ खुलतं. संध्याकाळी उलटं: जुन्या नाशिकच्या काठावर बसायचं आणि समोर पंचवटीच्या बाजूचं नारोशंकराचं देऊळ काढायचं. हे खरं तर रामेश्वर महादेवाचं देऊळ, 1747 सालचं. बांधलं नारोशंकर राजेबहाद्दरांनी, म्हणून लोकांच्या तोंडी त्यांचंच नाव राहिलं. मोठ्या शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरं चढत गेली आहेत. पहिल्यांदा काढताना सगळी मोजावीशी वाटतात. मोजू नयेत. उन्हाची बाजू कोरी ठेवून सावलीची बाजू रंगाच्या एका ओल्या हातात भरली की शिखर आपोआप उभं राहतं.

दगड काळा म्हणून पेटीतला काळा रंग लावला की देऊळ कोळशाचं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा होतो, तो या बेसाल्टला बरोबर बसतो. सावलीत निळा थोडा जास्त, उन्हाकडे तपकिरी जास्त. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथला उजेड कागदावर किती थोडक्यात मावतो ते माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी हेच देऊळ काढत बसले होते. पाऊण तास झाला असेल. एक आजोबा मागे उभे राहून केव्हापासून बघत होते ते मला कळलंच नाही. जाताना म्हणाले, "सगळं आलं हो, पण घंटा राहिली." खरंच राहिली होती. नारोशंकराची घंटा म्हणजे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांकडून आलेली मोठी घंटा. मी शिखराच्या नादात तिची जागाच गाळली होती. आजोबांनी बोटाने हवेत दाखवलं, इथून इथपर्यंत. मी ओला रंग ब्रशने टिपून घेत ती उचलली, थोडी पसरली, पण त्या चित्रात आज तीच सगळ्यात जिवंत आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण घाटावर कुणी एकटं बसून चित्र काढू शकत नाही. लोक थांबतात, विचारतात, पोरं कागदावर वाकतात. ज्यांना हात चालू असताना मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही, त्यांना हा घाट जड जाईल. मला तर त्या बोलण्यासाठीच जावंसं वाटतं.

आता घरच्यांचं काय? इथेच चित्राची बाजू भक्कम आहे. तुम्ही पायरीवर चाळीस मिनिटं बसा, तेवढ्यात बाकीचे रामकुंडावर जाऊन येतात, कपालेश्वराला जातात (शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, मुलांना हे सांगितलं की ती शोधत बसतात), नाहीतर मिसळ खाऊन येतात. कुणाचा दिवस मोडत नाही. सामानही खांद्यावरच्या पिशवीत मावतं: हाताएवढी वही, बारा रंगांची छोटी पेटी, पाणी भरून ठेवता येतं तो ब्रश, एक चिंधी. कागद मात्र जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्या, पातळ कागद पहिल्याच ओल्या हातात फुगतो. जानेवारीच्या सकाळी रंग वाळायला फार वेळ लागतो, एप्रिलमध्ये ब्रश उचलायच्या आत वाळतो. थंडीत म्हणून दोन पानं आलटून पालटून चालवावीत.

माणसं काढायची असतील तर बुधवारी या, घाटावर आठवडे बाजार भरतो. घाटाचा कंटाळा आलाच तर तांबट लेनमध्ये भांडी ठोकणारे कारागीर आहेत, पण तिथे आधी विचारून बसावं.

नांदूर मध्यमेश्वरला

त्र्यंबकेश्वर नाशिकच्या पश्चिमेला, नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य पूर्वेला, निफाड तालुक्यात. एकाच दिवसात दोन्हीकडे जायचा विचार करू नये. शहरातून सव्वा ते दीड तास लागतो आणि उजाडताना तिथे असायचं असेल तर पाचच्या आत निघावं लागतं. एसटीने ही वेळ गाठता येत नाही. गाडी हवी, आणि गाडी चालवणारा माणूस तुमच्याइतकाच तयार हवा. एकदा मी पाहुण्यांसाठी भाड्याने गाडी ठरवली होती, ती सव्वा तास उशिरा आली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं, पाण्यावरून वाफेसारखी थरथर उठत होती आणि पक्षी आत मधोमध सरकले होते. दुर्बिणीतून नुसते डोलणारे ठिपके दिसत होते. पाहुण्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांची पहाटेची झोप गेली होती आणि बदल्यात मी त्यांना काही देऊ शकले नव्हते. एकदम मागितलेला वेळ फुकट गेला की असा फुकट जातो.

पण जुळून आलं, तर त्याच्या तोडीचं नाशिकमध्ये दुसरं काही नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला तो सिंचनासाठी. गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा इथूनच निघतो. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढली आणि पक्ष्यांना उथळ पाण्याचं घर मिळालं. रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण, आणि तिथल्या नोंदीत सजीवांच्या 536 प्रजाती आहेत. माणसाने पिकासाठी अडवलेलं पाणी पक्ष्यांचंही झालं, याचा मला दरवेळी आनंद होतो. पाण्याची पातळी आजही कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, हलते. पाणी उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि लांब पायांचे पक्षी काठाला येतात, भरलेलं असलं की बदकं दूरवर पांगतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या स्थानिक गाइडला फोन करून पाणी किती आहे ते विचारावं, आणि तिथे गेल्यावर गाइड घ्यावाच. त्यांना पक्ष्यांच्या बसायच्या जागा आपल्या घराच्या खोल्यांसारख्या ठाऊक असतात.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पहाटे रस्त्याने जाताना द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर दिसतो, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी त्या पेटवतात. गाडीची काच खाली केली की तो धूर नाकात शिरतो. माझ्यासाठी पक्षी बघणं तिथूनच सुरू होतं.

चापडगावच्या काठावर उभं राहिलं की आधी ऐकू येतं, मग दिसतं. काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी शेकड्याने. नाव ऐकून माझ्या आईला पहिल्यांदा फार आवडलं होतं. मधूनच बुडी मारून भलतीकडे वर येणारी टिबुकली. गुलाबी काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या. लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी, उन्हाची तिरीप आली की तिच्या पाठीवर निळा आणि जांभळा एकमेकांत मिसळतो. पलीकडे चित्रबलाक, चमच्यासारख्या चोचीचे दर्विमुख, तांबूस चक्रवाकांच्या जोड्या. गेल्या हिवाळ्यात असंच बघत असताना गाइड हळूच म्हणाला, "भोवत्या आला." भोवत्या म्हणजे हॅरियर, पाण्यावरून अगदी खालून तरंगत जाणारा शिकारी. क्षणात सगळे वारकरी पाण्यावर पाय आपटत पळायला लागले, तो आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या जोरदार पावसासारखा होता. भोवत्या रिकाम्या पायांनी निघून गेला. दोन मिनिटांत सगळं पूर्वीसारखं.

दुर्बीण 8x42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते. 10 पटीची घेऊन हात थरथरला की चित्रही तेवढंच जास्त थरथरतं, आणि थंडीत हात थरथरतोच. पहाटेच्या अंधुक उजेडात पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असल्याचा फायदा कळतो. भडक कपडे नकोत. नाश्ता आणि पाणी बरोबर असावं.

मुलांना चालेल का? सहा वर्षांच्या मुलाला पहिला तास आवडतो, दुसरा नाही. वयस्कर माणसांना त्या थंडीत पाचला उठवणं मला पटत नाही. म्हणजे एकतर त्यांना घरी ठेवून जायचं, नाहीतर त्यांच्या वेळेने निघून उशिरा पोचायचं, आणि उशिरा पोचण्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

एका फेरीत पदरात काय पडतं

थकलेल्या अंगाने, अनोळखी जागी, कुणीतरी वाट बघत असताना काढलेलं चित्र बऱ्याचदा मनासारखं होत नाही. हे चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक वेळी लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नांदूर मध्यमेश्वरचं पाणी सहसा निराश करत नाही. नवख्या माणसालाही दोन तासांत भरपूर वेगवेगळे पक्षी दिसतात. वर्षातून एकदाच नाशिकला येणाऱ्या माणसासाठी मला ही गोष्ट मोठी वाटते. दुसरीकडे, घाट बाराही महिने आहे. हिवाळ्यात आलेले पाहुणे पक्षी मार्चनंतर निघून जातात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. नाशिक रोडला ट्रेनने उतरणार आणि स्वतःची गाडी नसेल तर चित्रच काढा. पावसाळ्यात येत असाल तरीही चित्रच, पण गंगेला पाणी असताना पायऱ्यांवर उतरू नका, पुलावरून काढा. मे महिन्यात येणार असाल तर सकाळी आठपर्यंत घाट, त्यानंतर बसवत नाही. 2026 ते 2028 च्या सिंहस्थाच्या काळात घाटावर निवांत बसायला जागा मिळेल असं धरून चालू नका. दोन्ही एकत्र, म्हणजे अभयारण्यात बसून पक्ष्यांची चित्रं, पहिल्या फेरीत करू नये: नजर कागदावर असते तेव्हाच भोवत्या येऊन जातो. किल्ल्यांचं लोक विचारतात, पण हरिहर किंवा साल्हेरला एक सकाळ पुरत नाही, तो विषयच वेगळा.

आता तुझ्यासाठी

रविवारची सकाळ दुर्बिणीला दे. तू जानेवारीत येतेयस आणि पुढे शिर्डीला जायचंय, ते नांदूर मध्यमेश्वरच्याच बाजूला आहे. पाचला तू आणि मी माझ्या गाडीने निघू. भाऊजी, पिल्लू आणि काकू झोपू देत. काकूंना काळारामाचं दर्शन घ्यायचंय असं म्हणालीस, ते सकाळी निवांत होईल. दहाच्या सुमारास ते सामान घेऊन निघतील आणि निफाडला आपल्याला भेटतील, तिथे तू त्यांच्या गाडीत बसशील. कुणाची झोप मोडणार नाही.

रंग मात्र घरी ठेवून येऊ नकोस. शनिवारी त्र्यंबकहून चार-साडेचारपर्यंत परत या. बाकीचे रामकुंडावर गोदाआरतीची वाट बघतील तोवर तुला नारोशंकरासमोर पाऊण तास मिळेल. तेवढ्यात एक पान होतं. घंटा विसरू नकोस.

दुर्बीण माझी देते, नवीन विकत घेऊ नकोस. फक्त शनिवारी रात्री जेवणं झाली की गच्चीवर ये. गळ्यातला पट्टा तुझ्या उंचीला लावू, आणि उजव्या भिंगाची कडी फिरवून समोरच्या पाण्याच्या टाकीवरचे आकडे स्पष्ट दिसेपर्यंत जुळवून ठेवू. पहाटे हातमोजे घालून ते जमत नाही.