पहिले बिल वेळेवर, पुढची बुडीत: नाशिकमधील आयटी कंत्राटाचा अनुभव

2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएसमधील मनुष्यबळ 13,249 ने आणि इन्फोसिसमधील 25,994 ने घटले. मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला की पहिली गदा कंत्राटी माणसावर येते, कारण त्याला काढण्यासाठी वेगळे काही करावेच लागत नाही. मुदत संपते आणि नवा कागद येत नाही, एवढेच. माझे पुण्यातील कंत्राट याच काळात असे संपले आणि मी नाशिकच्या सिडको भागातील घरी परतलो. सातपूर-अंबडला कारखाने पुष्कळ असले तरी नाशिकमध्ये सॉफ्टवेअरची कामे पुण्या-मुंबईच्या मानाने मोजकी आहेत, त्यामुळे घरी राहून करण्यासारखे काम चालून आले तर दर थोडा कमी असला तरी माणूस ते घेतो. अनामत घेऊन आयटीचे कंत्राटी काम देणाऱ्या ज्या मंडळींविषयी मी लिहीत आहे, त्यांचा सारा धंदा या तडजोडीवर उभा होता.

मुंबई नाक्याजवळच्या एका व्यापारी संकुलात त्यांचे कार्यालय होते. प्रकरण न्यायालयात असल्याने नाव देत नाही, आणि दिले तरी फारसा उपयोग नाही. अशा मंडळींना नाव बदलायला एक फ्लेक्स पुरतो. मुलाखत रीतसर झाली, जावा या प्रोग्रामिंग भाषेचे प्रश्न नेमके आणि जाणकाराने विचारावेत तसे होते. एका विमा कंपनीची जुनी प्रणाली जावाच्या नव्या आवृत्तीवर न्यायची, महिना 75,000 रुपये मिळायचे, आणि लॅपटॉपपोटी 40,000 रुपये परत मिळणारी अनामत भरायची, असे ठरले. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे हे सर्वांनाच ठाऊक असते, परंतु येथे पैशांच्या बदल्यात लॅपटॉप लगेच हातात येत होता, शिक्क्याची पावती मिळत होती आणि काम दुसऱ्याच दिवशी सुरू होत होते. तो लॅपटॉप सेकंड हँड होता आणि त्याची बाजारातील किंमत अनामतीच्या निम्मीही नव्हती, हे नंतर दुरुस्तीला नेल्यावर दुकानदाराने सांगितले.

करारात एक कलम असे होते की, क्लायंटकडून रक्कम जमा झाल्यानंतर सात दिवसांत सल्लागाराचे, म्हणजे आमच्यासारख्या कंत्राटी माणसाचे, बिल अदा केले जाईल. दुसऱ्या कलमानुसार साठ दिवसांची नोटीस न देता काम सोडल्यास अनामत जप्त होणार होती आणि थकीत बिलांवरचा हक्कही जाणार होता. ही दोन कलमे एकत्र वाचली की डाव लक्षात येतो: पैसे येत नाहीत म्हणून काम सोडावे तर आधीचे बुडतात, आणि आधीचे मिळतील या आशेने थांबावे तर आणखी काम फुकट जाते. पहिल्या महिन्याचे बिल अगदी वेळेवर मिळाले. पुढच्या बिलांना मात्र एकच उत्तर ठरलेले असे, “सर, क्लायंटकडे अडकलंय, रिसेशनची परिस्थिती तुम्हाला सांगायला नको.” मंदीची ही सबब फार सोयीची असते, कारण ऐकणारा स्वतःच तिने पोळलेला असतो आणि ती त्याला लगेच पटते.

खरा प्रकार उलगडला तो कार्यालयाखालच्या चहाच्या टपरीवर. पैशांसाठी खेटे घालणारे आम्ही काही जण तेथे भेटू लागलो आणि एकाने सहज आपल्या मोबाइलवरचा बँकेचा मेसेज दाखवला. मग प्रत्येकाने आपापले मेसेज काढले आणि एका कागदावर दोन रकाने केले: एकात कोणी कोणत्या तारखेला अनामत भरली, दुसऱ्यात कोणाला कोणत्या तारखेला पहिले बिल मिळाले. नवी तुकडी अनामत भरून रुजू झाली की एक-दोन दिवसांत आधीच्या तुकडीचे पहिले बिल निघत होते, आणि ज्या महिन्यात नवी भरती झाली नव्हती त्या महिन्यात कोणालाच काही मिळाले नव्हते. म्हणजे माझे पहिले बिल विमा कंपनीच्या पैशातून आलेले नव्हते. ते माझ्यानंतर आलेल्या मुलांच्या अनामतींतून आले होते, आणि त्यांतल्या एखाद्याने ती रक्कम कदाचित आई-वडिलांकडून आणली असेल. हे कळल्यावर त्या वेळेवर आलेल्या बिलाचे समाधान उरले नाही.

क्लायंटकडे पैसे अडकले हेही खोटे निघाले. कोड ज्या रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातील बदलांची नोंद ठेवण्याच्या सामायिक जागेत) होता, तिच्या जुन्या नोंदींमध्ये पुण्यातील एका लहान कंपनीच्या अभियंत्यांचे ईमेल पत्ते दिसत होते. मी त्या कंपनीला पत्र लिहून बिलांची स्थिती विचारली. त्यांनी सौजन्याने कळवले की, विमा कंपनीकडून काम त्यांनी घेतले असून त्यातील एक तुकडा नाशिकच्या या मंडळींना ठोक रकमेत दिला आहे आणि आजवरची सर्व बिले चुकती केली आहेत. त्यामुळे “क्लायंटने पैसे दिल्यावर” असे कलम असलेले काम घ्यायचेच असेल, तर वरचा क्लायंट कोण आणि मध्ये किती हात आहेत हे लेखी मागावे. ते सांगायला नकार मिळाला तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही.

कागदांमध्येही पुरेशा खुणा होत्या आणि त्या तपासायला पैसे लागत नाहीत. पाटीवर आणि लेटरहेडवर “प्रायव्हेट लिमिटेड” असे ठळक छापले होते, पण खासगी मर्यादित कंपनीच्या लेटरहेडवर कायद्याने आवश्यक असलेला 21 अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, कोठेच नव्हता. जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक 15 अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन. पॅनमधील चौथे अक्षर कंपनीसाठी इंग्रजी ‘सी’ असते, भागीदारी संस्थेसाठी ‘एफ’ आणि व्यक्तीसाठी ‘पी’. यांच्या क्रमांकात त्या जागी ‘पी’ होते, म्हणजे ज्या कंपनीशी आम्ही करार केला असे समजत होतो ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. एक गृहस्थ स्वतःच्या पॅनवर सारा कारभार चालवीत होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला तेव्हा नोंदणी रद्द झाल्याचे दिसले.

टीडीएसचीही तीच गत. पहिल्या बिलातून 10 टक्के कापून रक्कम दिली होती, पण कापलेला कर सरकारकडे भरलाच नव्हता. टीडीएसचे विवरणपत्र तिमाहीने भरले जात असल्याने आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26एएस या तक्त्यात नोंद दिसायला वेळ लागतो, आणि हा उशीर यांच्या पथ्यावर पडतो. एप्रिल ते जून या तिमाहीचे विवरणपत्र 31 जुलैपर्यंत भरायचे असते. ऑगस्टमध्येही नोंद दिसली नाही तर लेखी विचारणा करावी आणि बिलाची व बँक खात्याची प्रत जपून ठेवावी.

वसुलीसाठी मला जे हाताशी आले ते सांगतो. करारात आम्हाला कर्मचारी नव्हे तर स्वतंत्र सल्लागार म्हटले होते, त्यामुळे थकीत पगाराची तक्रार करण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता. माझी उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र आधीच झालेली होती. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे देण्याची मुदत, करारात काहीही लिहिले असले तरी, 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. अशा थकीत बिलांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवर मी दावा दाखल केला. उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीची हवी; पैसे अडकल्यावर केलेल्या नोंदणीवर आधीची बिले मागायला गेलो तर अडचण येते. ती विनामूल्य होते, त्यामुळे कंत्राटी काम करणाऱ्याने ती टाळण्याला मला तरी कारण दिसत नाही.

तगादा वाढल्यावर त्यांनी मला एक धनादेश दिला, तो अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. येथे तारखा कडक असतात: बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून त्यांना 15 दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. या काळात “सेटलमेंट करू, नोटीस कशाला” असे गोड फोन येतात, ते मुदत उलटून जावी म्हणूनच असतात. मी वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि मग फोनला उत्तर दिले.

पोलीस ठाण्यात प्रथम ही दिवाणी बाब असल्याचे सांगण्यात आले, आणि एकट्याच्या थकीत बिलापुरते ते चुकीचेही नव्हते. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू असल्याचे दाखवावे लागते. तो हेतू टपरीवर केलेल्या दोन रकान्यांच्या कागदातून दिसत होता, म्हणून आम्ही सर्वांनी मिळून बँक उताऱ्यांसह एकत्रित अर्ज दिला, आणि आता त्याची चौकशी सुरू आहे. मुंबई नाक्याचे कार्यालय बंद झाले असून तसाच मसुदा, तीच सात दिवसांची आणि साठ दिवसांची कलमे, नाशिकरोड भागातील एका नव्या नावाच्या ऑफर लेटरवर मला अलीकडेच पाहायला मिळाली. या वेळी अनामत 25,000 रुपये आहे आणि तिला “ॲसेट चार्जेस” म्हटले आहे.