दम्याचा झटका: स्टेथोस्कोप की खाटेजवळची सोनोग्राफी?

निफाडकडचा गारठा नाशकात उतरला की धाप लागलेली लेकरं रात्री-अपरात्री दवाखान्यात येतात. झटका किती तीव्र, हे आधी डोळे-कान आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरच सांगतात: बरगड्यांमध्ये खळगे पडतात का, मूल सलग वाक्य बोलतं का, रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली गेलाय का. धाप तशीच असताना छातीतली शिट्टी थांबली, तर हायसं वाटून घेऊ नका. तो मोठा धोका आहे.

सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नाहीत, मूल आईच्या मांडीवरच राहतं. पण आकसलेल्या श्वासनळ्या तिला दिसत नाहीत. निव्वळ दम्यात चित्र बहुधा नॉर्मलच येतं. न्यूमोनियाची किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका असेल, तर मात्र मी तीच मागेन. सोनोग्राफीसाठी नेब्युलायझर (औषधाचे तुषार श्वासातून देणारं यंत्र) मात्र थांबवू नये.