१० मीटरची उपग्रह प्रतिमा की अर्ध्या मीटरची? सातपुड्याच्या पायथ्याशी निवड करताना

पाणलोट समितीला किंवा ग्रामसभेला उपग्रह प्रतिमा घ्यायची असते तेव्हा जितकी बारीक प्रतिमा तितकी अचूक माहिती, असे सहसा गृहीत धरले जाते. यावल-रावेरमधील केळी आणि भूजलाच्या कामात तरी हे गृहीतक टिकत नाही.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची प्रतिमा विनामूल्य मिळते. तिचा एक पिक्सेल (प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन) जमिनीवर १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याएवढा असतो. एकरभर शेतात असे चाळीस पिक्सेल बसतात. मात्र मीटरभर रुंदीचा बांध त्यांत हरवून जातो आणि २० मीटर लांबी-रुंदीचे शेततळे पिक्सेलच्या जाळीत आडवेतिडवे पडले, तर निव्वळ पाण्याचा पिक्सेल एखादाच हाती लागतो. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-४ कॅमेऱ्याच्या प्रतिमेचा पिक्सेल ५.८ मीटरचा आहे, म्हणजे गुंठ्यात तीन. पण तिच्यात हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) असे प्रकाशाचे तीनच पट्टे असतात. विकत घेतलेल्या अर्ध्या मीटरच्या प्रतिमेत मात्र त्याच गुंठ्याचे ४०० पिक्सेल होतात आणि नाल्यावरचा सिमेंट बंधाराही ओळखता येतो.

बंधारे आणि शेततळी मोजायची असतील, तर पैसे याच प्रतिमेवर खर्च करावेत. केळीखालील क्षेत्र काढायचे असेल, तर ती उलट अडचणीची ठरते. पान, पानाची सावली आणि दोन ओळींमधली माती हे सारे वेगवेगळे पिक्सेल होतात, आणि पिक्सेलनिहाय वर्गीकरण केल्यास एकाच बागेचे तीन प्रकारचे तुकडे पडतात. सेंटिनेल-२ मध्ये हीच बाग सरासरीने एकजिनसी दिसते. शिवाय दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी नवी प्रतिमा देतात आणि पिकातील ओलाव्याचा अंदाज देणारे लघुतरंग-अवरक्त पट्टेही तिच्यात आहेत, जरी ते २० मीटरचे असले तरी. जुलै-ऑगस्टच्या ढगांपुढे दोन्ही प्रतिमा निरुपयोगी असतात; तेव्हा ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारचाच आधार घ्यावा लागतो.

जंगलासाठी रिझोल्यूशनपेक्षा, म्हणजे प्रतिमेच्या बारकाईपेक्षा, तारीख महत्त्वाची. सातपुड्यातील साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, त्यामुळे एकट्या एप्रिलच्या प्रतिमेवरून संगणक उभ्या जंगलाला विरळ किंवा पडीक ठरवू शकतो. महागड्या एका प्रतिमेपेक्षा नोव्हेंबर आणि एप्रिलची विनामूल्य जोडी मला अधिक विश्वासार्ह वाटते.

धडगाव-अक्कलकुव्यातील वनहक्क दाव्यांचा प्रश्न निराळा आहे. वनहक्क कायद्यानुसार जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असावी लागत असल्याने २०१५ मध्ये सोडलेला सेंटिनेल-२ येथे उपयोगाचा नाही. मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या अडीच मीटरच्या किंवा त्या काळातील लिस-४ च्या जुन्या प्रतिमा शोधाव्या लागतात. डोंगरउतारामुळे प्रतिमेत येणारा दोष उंचीच्या नकाशावरून दुरुस्त केलेला नसेल, तर शेताची हद्द सरकलेली दिसते आणि दावेदाराचे नुकसान होते. तसेच २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशी प्रतिमा पूरक पुरावा आहे; इतर पुराव्यांची जागा ती घेत नाही. केवळ तिच्यावर बोट ठेवून दावा फेटाळला जात असेल, तर ग्रामसभेने हा नियम दाखवावा.

विकतच्या प्रतिमेला बहुधा किमान क्षेत्राची अट असते. त्यामुळे एकट्या गावाने मागणी नोंदवण्याऐवजी एकाच नाल्यावरच्या दोन-तीन गावांनी मिळून ती नोंदवावी, आणि त्याआधी ढगांचे प्रमाण व उपग्रहाचा तिरकस कोन (प्रतिमा टिपताना तो किती तिरका पाहत होता) लेखी मागून घ्यावा.