सालतिवकाच्या नावाने नेलेले ६१ हजार

माझी मुलगी युक्रेनमधल्या खारकीव्हला एमबीबीएस करत होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं आणि पुढच्या सहा रात्री तिने मेट्रो स्टेशनच्या फरशीवर काढल्या. तिची घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली बाई, रोज तिच्यासाठी ब्रेड आणि उकडलेले बटाटे घेऊन खाली यायची. २ मार्चला दूतावासाने विद्यार्थ्यांना चालत का होईना पण शहर सोडून पिसोचिनला जायला सांगितलं, तेव्हा या बाईने स्वतःची लोकरी शाल हिच्या खांद्यावर टाकली. पोर भारत सरकारच्या ऑपरेशन गंगेच्या विमानाने घरी आली. ती शाल अजून आमच्या कपाटात आहे.

हे सगळं मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं होतं. फसवणाऱ्याने तेच वाचलं असणार.

ऑक्टोबरपासून रशियाने वीजकेंद्रांवर हल्ले सुरू केले. नोव्हेंबरमध्ये मला एका तरुणाचा फोन आला. ‘काकू, ज्यांनी आपल्या मुलींना जेवू घातलं, त्या आज्या सालतिवकात अंधारात गारठल्यात. जनरेटर पाठवतोय.’ सालतिवका म्हणजे आमच्या त्या बाईचीच वस्ती. तळघरात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या मुलांचा फोटोही त्याने पाठवला. मी २० हजार दिले आणि महिला मंडळाच्या चौदा जणींकडून ४१,५०० गोळा करून दिले.

पैसे एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले होते. मी विचारलं, तर म्हणाला, ‘ट्रस्टचं खातं एफसीआरएत अडकलंय.’ मी तिथेच थांबायला हवं होतं. एफसीआरए हा कायदा लागू होतो तो परदेशातून येणाऱ्या पैशाला. सोलापुरातल्या बाईने इथल्या ट्रस्टला दिलेल्या देणगीचा त्याच्याशी काय संबंध? करसवलतीसाठीची ८०जीची पावती आली, तीही मी तपासली नाही. मान्यता असलेल्या संस्थांची यादी आयकर विभागाच्या वेबसाइटवर असते. पावतीवरचं नाव त्यात नव्हतंच.

तीन आठवड्यांनी मुलीने घरमालकिणीला फोनवर विचारलं, जनरेटर आला का? ती म्हणाली, ‘कसला जनरेटर?’ मुलीने तो फोटो गुगलवर शोधला. तो कित्येक वर्षं जुना, सीरियातल्या अलेप्पोचा निघाला. म्हणजे ती मुलंही खरीच होती, दुसऱ्या एका युद्धातली. याचा मला जास्त राग येतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवता येतात, म्हणून शंका आली की घरच्यांशी चर्चा करत बसू नका, आधी हा नंबर लावा. आणि द्यायचंच असेल, जरूर द्या, तर युक्रेनच्या रेड क्रॉसच्या किंवा तिथल्या सरकारच्या ‘युनायटेड २४’च्या वेबसाइटवर स्वतः पत्ता टाकून जा. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून नको.

मंडळातल्या नऊ जणींचे पैसे मी परत केलेत, पाच राहिल्यात. जानेवारीत मुलीच्या वर्गमैत्रिणींनी त्याच घरमालकिणीसाठी खरोखर वर्गणी काढली. मी वही घेऊन मंडळात गेले, पण कुणी पर्स उघडली नाही.